क्रिप्टोचं खातं पासवर्ड बदलूनही पुन्हा लुटलं जातंय? तपास कसा करायचा, आणि नुकसान कोणाच्या माथी

आधी लक्षणं

यातलं एखादं लक्षण दिसलं तरी पुढचं नीट वाचा. दोन दिसत असतील तर वाचन थांबवून आधी "कुलूप" या भागातली कामं उरका.

• तुम्ही मागितलेला नसताना ओटीपी येतो, किंवा पासवर्ड बदलण्याची लिंक असलेला मेल येतो.
• याच्या उलट प्रकार: एक्स्चेंजकडून (जिथे नाणी घेता-विकता त्या कंपनीकडून) नेहमी येणारे लॉगिनचे आणि सौद्यांचे मेल एकाएकी यायचे बंद होतात. लोक याकडे सर्वांत कमी लक्ष देतात. माझ्या अनुभवात मात्र हेच लक्षण सर्वांत पक्कं असतं.
• फोनला तासन्‌तास रेंज नाही, आणि घरातलं त्याच कंपनीचं दुसरं सिम व्यवस्थित चालतंय.
• शिल्लक घटली, पण विथड्रॉवलच्या (नाणी बाहेर काढल्याच्या) यादीत काही नाही. सौद्यांच्या यादीत मात्र कधी नाव न ऐकलेलं नाणं चढ्या भावाने घेतलेलं दिसतं.
• स्वतःच्याच वॉलेटला (नाणी ठेवायच्या डिजिटल पाकिटाला) पाठवलेली नाणी पोचत नाहीत. पत्ता अक्षरन्‌अक्षर ताडून पाहिला तर तो तुमचा नाहीच.
• पासवर्ड बदलला, टू-फॅक्टर (पासवर्डसोबत दुसरा कोड) लावलं, तरी दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा अनोळखी लॉगिन.

बहुतेक लोक हे शेवटचं लक्षण घेऊनच माझ्याकडे येतात आणि कारण जवळजवळ ठरलेलं असतं. एक्स्चेंजचा पासवर्ड बदललेला असतो, पण चोर ज्या वाटेने आत आला ती वाट तशीच उघडी असते. ती एक्स्चेंजच्या ॲपमध्ये क्वचितच सापडते. बहुधा ती ईमेलमध्ये असते, नाहीतर सिममध्ये, फोनमध्ये, ब्राउझरमध्ये. ती वाट नेमकी कुठे होती हे दाखवता आलं नाही, तर "माहिती तुमच्याकडूनच फुटली" हे एक्स्चेंजचं उत्तर खोडायला हातात काही उरत नाही. म्हणून दुरुस्ती करता करताच पुरावाही गोळा करायचा. खालचा क्रम त्याच हिशोबाने लावलाय: आधी फुकटातलं आणि सोपं, मग वेळखाऊ, आणि शेवटी जाणकाराकडे न्यायचं.

कुलूप

संशय आल्याबरोबर दुसऱ्या, खात्रीच्या फोनवरून एक्स्चेंजवर जा आणि खातं गोठवा. बऱ्याच एक्स्चेंजच्या सुरक्षा सेटिंगमध्ये खातं तात्पुरतं बंद करण्याचं बटण असतं. ते सापडत नसेल तर सपोर्टला तिकीट (लेखी तक्रार) टाकून "माझ्या परवानगीशिवाय व्यवहार होत आहेत, विथड्रॉवल ताबडतोब थांबवा" एवढं एकच वाक्य लिहा. सविस्तर हकिगत नंतर सांगता येईल. त्या तिकिटाचा क्रमांक आणि वेळ जपून ठेवा. भरपाईच्या वादात या वेळेइतकं वजन दुसऱ्या कुठल्याच कागदाला नसतं; का ते पुढे येईल.

विथड्रॉवल अजून "पेंडिंग" असेल तर रद्द करा. त्यानंतर १९३० या हेल्पलाइनला फोन लावा किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार भरा. चोराने नाणी विकून रुपये एखाद्या बँक खात्यात वळवले असतील तर १९३० चा खरा उपयोग होतो, कारण तिथून त्या बँकेला रक्कम अडवायला सांगितलं जातं. नाणी ब्लॉकचेनवरून निघून गेली असतील तर तो व्यवहार उलटा फिरवणं कोणाच्याच हातात नाही. तरीही तक्रार त्याच दिवशी नोंदवा.

एक काम अजिबात करू नका: घाबरून फोन फॅक्टरी रीसेट करू नका. चोर कुठून आला याचा पुरावा त्याच फोनमध्ये असतो. आणि त्याच संशयित फोनवरून नवे पासवर्ड टाइप करू नका, कारण आत कोणी बसलं असेल तर ते नवेही त्याच्याकडे जातील.

१. पैसे खरंच गेलेत का, आणि फक्त तुमचेच गेलेत का

पाच मिनिटांचं काम आहे. एकाच एक्स्चेंजमध्ये स्पॉट, फ्युचर्स, अर्न, पी-टू-पी अशी वेगवेगळी वॉलेट असतात. नाणी एकातून दुसऱ्यात गेली की मुख्य पडद्यावर शिल्लक शून्य दिसते. सगळी वॉलेट उघडून बघा. ॲप प्ले स्टोअरसारख्या अधिकृत दुकानातूनच घेतलंय ना, की टेलिग्रामवर आलेल्या लिंकवरून, तेही बघा. नकली ॲपमधली शिल्लक कधी खरी नव्हतीच, आणि तसं असेल तर हे प्रकरण हॅकिंगचं नाही, थेट फसवणुकीचं आहे.

मग एक्स्चेंजच्या सूचना वाचा. १८ जुलै २०२४ ला वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजच्या वॉलेटमधून सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी गेली, तेव्हा ग्राहकांच्या पासवर्डचा किंवा ओटीपीचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. त्या आठवड्यात आपला फोन तपासत बसलेल्यांचा वेळ फुकट गेला. सगळ्यांचीच विथड्रॉवल बंद असतील तर खालच्या पायऱ्या सोडा आणि सरळ जबाबदारीच्या भागाकडे जा.

२. एक्स्चेंजकडच्या नोंदी वाचा

हीही फुकट आहे, आणि लोक नेमकी हीच पायरी गाळतात. सुरक्षा सेटिंगमध्ये लॉगिनचा इतिहास असतो: वेळ, आयपी पत्ता (इंटरनेट जोडणीचा क्रमांक), डिव्हाइस. कुठे काही बदलण्याआधी त्याचे स्क्रीनशॉट घ्या. डाउनलोड करता येत असेल तर फाइलच उतरवून घ्या.

वेळेकडे नीट बघा. कित्येक एक्स्चेंज नोंदी यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळेत देतात आणि आपली वेळ तिच्यापुढे साडेपाच तास आहे. नोंदीत १४ तारखेची २०:४१ असेल तर आपल्याकडे १५ तारखेची पहाटेची २:११ झालेली असते. पोलीस तक्रारीत १४ तारखेची रात्र लिहिली आणि सिम कंपनीच्या कागदात १५ ची पहाट निघाली, की दोन्हींचा मेळ लागत नाही आणि तपास तिथेच रेंगाळतो.

मग घटनांचा क्रम लावा. नाशिकच्या एका शिक्षकांच्या खात्यातला क्रम असा होता: २०:४१ ला पासवर्ड रीसेट, २०:४३ ला नव्या डिव्हाइसवरून लॉगिन, २०:४४ ला विथड्रॉवलसाठी नवा पत्ता जोडला, २०:५२ ला नाणी बाहेर. एवढ्यावरूनच दोन गोष्टी कळतात. सुरुवात रीसेटने झाली, म्हणजे चोराला जुना पासवर्ड माहीतच नव्हता. त्याच्या हातात मेल होता. आणि नवा पत्ता जोडल्यावर आठ मिनिटांत पैसे गेले, म्हणजे नव्या पत्त्यासाठी एक्स्चेंजने थांबायची काही मुदत ठेवलीच नव्हती. पहिली गोष्ट दुरुस्तीसाठी, दुसरी भरपाईसाठी.

रीसेट नाही, पहिल्याच फटक्यात बरोबर पासवर्ड आणि बरोबर कोड, असं दिसलं तर नकली संकेतस्थळावर माहिती भरली गेल्याची शक्यता मोठी. नवं लॉगिनच नाही आणि तरीही सौदे झालेत, तर एपीआय की (दुसऱ्या ॲपला तुमचं खातं वापरू देणारी चावी) किंवा ब्राउझरचं चालू सेशन (आधीच झालेलं लॉगिन) चोरीला गेलेलं असतं.

३. ईमेल

इथे घाई करू नका. पुन्हा पुन्हा लुटल्या जाणाऱ्या खात्यांत वाट सर्वाधिक वेळा इथेच सापडते.

एक्स्चेंजचा पासवर्ड, टू-फॅक्टर काढून टाकण्याची विनंती, नव्या पत्त्याची मंजुरी हे सगळं शेवटी मेलवरच येतं. ज्याच्या हातात मेल, त्याच्या हातात खातं. जीमेल असेल तर संगणकावर उघडा, कारण मोबाइल ॲपमध्ये फिल्टरची यादी दिसत नाही. सेटिंगमध्ये "सी ऑल सेटिंग्ज", तिथे "फिल्टर्स अँड ब्लॉक्ड ॲड्रेसेस". चोराने बनवलेला फिल्टर दिसायला अगदी साधा असतो: पाठवणाऱ्याच्या जागी एक्स्चेंजचा पत्ता, आणि पुढे "इनबॉक्समध्ये न आणता डिलीट करा". मेल यायचे का थांबले होते ते इथे कळतं. मेल येत होतेच, तुम्हाला दिसायच्या आत कचऱ्यात जात होते. गुगलचा पासवर्ड बदलला तरी हा फिल्टर जागेवरच राहतो, आणि म्हणूनच पुढची चोरीही तुम्हाला कळत नाही.

शेजारीच "फॉरवर्डिंग" चा भाग आहे. तिथे अनोळखी पत्ता असेल तर पासवर्ड बदलल्यावरही तुमच्या प्रत्येक मेलची प्रत त्याच्याकडे जात राहते. "अकाउंट्स" मध्ये तुमचं खातं वापरायची परवानगी दुसऱ्या कोणाला दिलेली आहे का बघा. मग गुगल खात्याच्या सुरक्षा पानावर लॉगिन झालेली डिव्हाइस, जोडलेली बाहेरची ॲप्स, आणि पासवर्ड परत मिळवण्यासाठी दिलेला फोन नंबर आणि मेल हे सगळं तपासा. परत मिळवण्याचा मेल कॉलेजातला, दहा वर्षं न उघडलेला असतो आणि तोच आधी फोडलेला असतो, असं मी वारंवार पाहिलंय. तो बदला.

आणखी एक गोष्ट. गुगल ऑथेंटिकेटर या टू-फॅक्टरचे कोड देणाऱ्या ॲपमध्ये एप्रिल २०२३ पासून कोड गुगल खात्यात साठवण्याची सोय आली. फोन हरवला तर ती कामाची, पण त्यामुळे गुगल खातं फुटलं की टू-फॅक्टरचे कोडही सोबतच जातात. त्याच वर्षी रीटूल या कंपनीत चोर नेमका याच वाटेने आत शिरले. मोठी रक्कम असेल तर हे साठवणं बंद ठेवा आणि बॅकअपचे कोड कागदावर लिहून ठेवा. त्याहून चांगलं म्हणजे पासकी (पासवर्डऐवजी फोनच्या कुलपाने लॉगिन) किंवा यूएसबीची सिक्युरिटी की. नकली संकेतस्थळावर ती चालतच नाही, त्यामुळे माणूस फसला तरी की फसत नाही.

पुरावा म्हणून फिल्टर आणि फॉरवर्डिंगच्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या, मगच ते काढा. रीसेटचा मेल कचऱ्यात सापडला तर "शो ओरिजिनल" मधून मूळ मजकूर उतरवून ठेवा. कचरा ३० दिवसांनी आपोआप रिकामा होतो.

४. सिम

रेंज गेली होती का? गेली असेल तर कंपनीच्या दुकानात जाऊन लेखी विचारा की माझ्या नंबरचं सिम कधी, कुठे आणि कोणत्या कागदपत्रांवर बदललं गेलं. तोंडी उत्तर घेऊन परत येऊ नका.

सिम बदलल्यावर पहिले २४ तास त्या नंबरवर एसएमएस बंद ठेवायचे, असा दूरसंचार विभागाचा आदेश २०२२ च्या अखेरीस आलेला आहे. १ जुलै २०२४ पासून सिम बदलल्यावर सात दिवस नंबर दुसऱ्या कंपनीत नेता येत नाही. म्हणजे सिम बदललं पहाटे एकला आणि ओटीपीचा एसएमएस गेला दोनला, असं कागदावर दिसलं तर चूक तुमची किंवा एकट्या एक्स्चेंजची राहत नाही, मोबाइल कंपनीलाही उत्तर द्यावं लागतं. ही वेळ मिळवण्यासाठी तो लेखी अर्ज.

संचार साथी या सरकारी सेवेवर तुमच्या नावावर किती नंबर चालू आहेत ते दिसतं. अनोळखी नंबर दिसला तर तिथेच कळवा. आणि एक्स्चेंजवर ओटीपी एसएमएसने येत असेल तर ती पद्धत आजच काढून ऑथेंटिकेटर किंवा पासकी लावा.

५. एपीआय की

कधी ट्रेडिंग बॉट किंवा कराचा हिशोब करणारं ॲप जोडलं असेल तर ही पायरी तुमच्यासाठी आहे. एपीआय कीला पासवर्डही लागत नाही आणि ओटीपीही. पासवर्ड कितीही वेळा बदलला तरी ती की जिवंत राहू शकते.

"मी तर विथड्रॉवलची परवानगी दिलीच नव्हती," असं लोक म्हणतात. चोराला तिची गरज पडत नाही. तो ज्या नाण्याला फारसे गिऱ्हाईक नाही असं एखादं नाणं आधी स्वतः घेऊन ठेवतो आणि तुमच्या खात्यातून तेच नाणं चढ्या भावाने विकत घेतो. पैसे तुमचे गेले, नफा त्याचा. मार्च २०१८ मध्ये बायनान्स या एक्स्चेंजवर व्हायाकॉइन या नाण्याच्या बाबतीत हाच प्रकार झाला होता. लक्षणांत सांगितलेलं अनोळखी नाणं ते हेच.

सगळ्या की काढून टाका. कोणती की कधी बनवली होती ते आधी टिपून घ्या. पुन्हा लागलीच तर ठरावीक आयपी पत्त्यापुरती मर्यादित की बनवा.

६. फोन

आता कामाला वेळ लागायला लागतो. अँड्रॉइडमध्ये सेटिंगमधलं "ॲक्सेसिबिलिटी" उघडा. तिथे चालू असलेलं ॲप पडद्यावरचं सगळं वाचू शकतं आणि तुमच्या जागी बटणंही दाबू शकतं. दृष्टिबाधितांसाठीची ही सोय चोरांचं सर्वांत आवडतं हत्यार झाली आहे. व्हॉट्सॲपवर आरटीओ चलान, लग्नपत्रिका, सरकारी योजनेची यादी अशा नावांनी एपीके (अँड्रॉइड ॲपच्या) फाइल येतात, त्या बसल्या की पहिल्यांदा हीच परवानगी मागतात. सोबत "नोटिफिकेशन ॲक्सेस", "डिव्हाइस ॲडमिन" आणि "अनोळखी ॲप बसवण्याची परवानगी" याही याद्या बघा. एनीडेस्क, टीमव्ह्यूअरसारखं दुरून फोन बघू-चालवू देणारं ॲप कोणी फोनवर सांगून बसवून घेतलं असेल तर तेच कारण धरा.

संशयित ॲपचं नाव, ते बसवल्याची तारीख आणि ती एपीके ज्या संदेशातून आली तो संदेश यांचे स्क्रीनशॉट घ्या. रक्कम मोठी असेल तर फोन बंद करून तसाच ठेवा आणि पोलिसांना विचारल्याशिवाय रीसेट करू नका. रक्कम थोडी असेल तर पुरावा टिपून रीसेट करा.

७. संगणक आणि ब्राउझर

फुकटात मिळालेलं विंडोज, क्रॅक केलेला गेम, अनोळखी ब्राउझर एक्स्टेन्शन यांतून येणारे प्रोग्राम दोन कामं करतात. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड उचलतात, आणि तुमचं चालू सेशनच उचलून नेतात. सेशन गेलं की चोराला पासवर्ड आणि ओटीपी दोन्ही लागत नाहीत, एक्स्चेंजला तो तुम्हीच वाटतो. म्हणून पासवर्ड बदलण्यासोबत "सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट" हे बटण दाबलंच पाहिजे, एक्स्चेंजवरही आणि मेलवरही.

काही प्रोग्राम क्लिपबोर्डवर नजर ठेवतात आणि तुम्ही कॉपी केलेल्या पत्त्याच्या जागी चोराचा पत्ता चिकटवतात. याच्याशी मिळताजुळता दुसरा प्रकार आहे, त्याला प्रोग्रामचीही गरज नाही. तुमच्या पत्त्यासारखीच सुरुवातीची आणि शेवटची अक्षरं असलेल्या पत्त्यावरून नगण्य रक्कम पाठवतात, म्हणजे तो पत्ता तुमच्या व्यवहारांच्या यादीत येतो आणि पुढच्या वेळी तुम्ही तिथूनच कॉपी करता. पत्ता यादीतून उचलायचा नाही. मधली अक्षरंही ताडायची आणि आधी थोडी रक्कम पाठवून बघायची.

अँटिव्हायरसने "काही सापडलं नाही" म्हटलं म्हणून निश्चिंत होऊ नका. खात्री करायची तर डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकणं हाच मार्ग. ते जमत नसेल तर तोवर त्या संगणकावर एक्स्चेंज उघडू नका.

८. नाणी कुठे गेली

विथड्रॉवलच्या नोंदीत ट्रॅन्झॅक्शन आयडी असतो. इथर किंवा त्याच ब्लॉकचेनवरची टोकन (नाणी) असतील तर इथरस्कॅन या संकेतस्थळावर, ट्रॉन या ब्लॉकचेनवरचं यूएसडीटी (डॉलरच्या भावाशी बांधलेलं नाणं) असेल तर ट्रॉनस्कॅनवर तो टाका. पुढचा पत्ता कोणत्या मोठ्या एक्स्चेंजचा म्हणून नोंदलेला दिसला तर आशेला जागा आहे, कारण तिथे चोराची केवायसी असू शकते आणि पोलिसांच्या पत्रावर ते खातं गोठवलं जातं. यूएसडीटी असेल तर ते नाणं बाजारात आणणारी टेदर कंपनी पत्ता गोठवू शकते, तेही तपास यंत्रणेमार्फत. एका पत्त्यावरून दुसऱ्यावर अशा एक-दोन उड्यांपर्यंत तुम्हाला वाचता येईल. रक्कम बारा वाटांनी फुटली किंवा एका चेनवरून दुसरीवर गेली की थांबा. जेवढं दिसलं तेवढं कागदावर काढून तक्रारीला जोडा.

नुकसान कोणाच्या माथी

एक गैरसमज आधी दूर करतो. बँकेतून परस्पर पैसे गेले आणि चूक बँकेची नाही, तुमचीही नाही, तर तीन कामकाजी दिवसांत कळवल्यास ग्राहकावर भार येत नाही, असा नियम रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ ला केला. तो बँकांसाठी आहे, क्रिप्टो एक्स्चेंजला लागू नाही. ठेवींवरचं पाच लाखांचं विमा संरक्षणही फक्त बँकेतल्या ठेवींना. एक्स्चेंज "एफआययूकडे (सरकारच्या वित्तीय गुप्तचर विभागाकडे) नोंदणीकृत" असतात ते मार्च २०२३ पासून मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आले म्हणून. त्या नोंदणीचा तुमच्या पैशांच्या हमीशी संबंध नाही. हे तिन्ही माहीत नसल्यामुळे लोक चुकीच्या दारात महिने घालवतात.

मग उरतं काय? चोरी कोणत्या वाटेने झाली, ते.

कंपनीची तिजोरी फुटली तर चूक कंपनीचीच, पण भार कोण उचलतो ते कंपनीच्या खिशावर ठरत आलंय. जुलै २०२५ मध्ये कॉइनडीसीएक्स या एक्स्चेंजचे सुमारे ४.४ कोटी डॉलर गेले. ते कंपनीच्या स्वतःच्या खात्यातले होते आणि तोटा आपण सोसतो असं तिने जाहीर केलं. बिटफिनेक्स या एक्स्चेंजने २०१६ मधल्या चोरीनंतर सगळ्याच ग्राहकांच्या शिलकीला ३६ टक्के कात्री लावली. वझीरएक्सच्या बाबतीत प्रकरण सिंगापूरच्या न्यायालयात गेलं आणि ग्राहकांना सव्वा वर्षाहून अधिक काळ थांबावं लागलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने एका ग्राहकाच्या अर्जावर क्रिप्टो ही मालमत्ता आहे, ती विश्वस्त म्हणून सांभाळायला ठेवता येते, असं म्हटलं. "ती नाणी कंपनीच्या ताब्यात होती, म्हणजे कंपनीची झाली" या युक्तिवादाला त्यामुळे निदान एक भक्कम उत्तर मिळालं.

दुसरा प्रकार माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा: ग्राहकाचं काहीतरी फुटलेलं असतं, पण कंपनीचं दारही कच्चं असतं. २०२१ मध्ये कॉइनबेस या एक्स्चेंजच्या किमान ६,००० ग्राहकांची खाती लुटली गेली. चोरांकडे त्या लोकांचे मेल आणि पासवर्ड आधीच होते, तरीही आत शिरता आलं ते कंपनीच्या एसएमएसवरून खातं परत मिळवण्याच्या पद्धतीतल्या दोषामुळे. कंपनीने नुकसान भरून दिलं. जानेवारी २०२२ मध्ये क्रिप्टो डॉट कॉमच्या ४८३ ग्राहकांचे व्यवहार टू-फॅक्टरशिवायच मंजूर झाले. तिथेही भरपाई मिळाली, आणि त्यानंतर नव्या पत्त्यावर पहिलं विथड्रॉवल करायला २४ तासांची थांबणूक आली. म्हणूनच नाशिकच्या त्या आठ मिनिटांना महत्त्व आहे.

तिसरा प्रकार, कंपनीच्या माणसांकडूनच माहिती फुटते. मे २०२५ मध्ये कॉइनबेसने जाहीर केलं की परदेशातल्या सपोर्टच्या काही लोकांना लाच देऊन ग्राहकांची माहिती काढली गेली. अशी माहिती असलेला चोर फोनवर तुमचं नाव, पत्ता, शिल्लक सगळं बरोबर सांगतो. त्यामुळे "त्याला सगळं माहीत होतं म्हणून मी विश्वास ठेवला" हे भोळेपणाचं लक्षण नाही, ते तक्रारीत ठळकपणे लिहायचं.

आणि तुम्ही स्वतः ओटीपी सांगितला असेल तर? तरी सगळं संपलं असं नाही. पुण्याच्या एका कंपनीने नकली मेलला उत्तर दिलं आणि तिचे पंजाब नॅशनल बँकेतले पैसे गेले. २०१३ मध्ये महाराष्ट्राच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांनी कंपनीचीही चूक धरली, पण बँकेने दक्षता घेतली नाही म्हणून तिला ४५ लाख रुपये द्यायला सांगितलं. प्रकरण बँकेचं असलं तरी कायदा तोच, माहिती तंत्रज्ञान कायदा. दोष वाटून घेतला जाऊ शकतो हे त्यातून दिसतं.

एक्स्चेंजला लेखी विचारायचे प्रश्न त्यावरूनच निघतात. पासवर्ड रीसेट करताना काय पडताळलं? नवा पत्ता जोडल्यावर किती वेळ थांबलात, आणि तुमच्या अटींत किती वेळ लिहिलाय? नव्या देशातल्या आयपीवरून लॉगिन झालं तेव्हा मला कोणती सूचना पाठवली? सर्ट-इनला (सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला) घटना कळवली का? (तसं सहा तासांत कळवण्याचा नियम २०२२ पासून आहे, आणि केवायसी आणि व्यवहारांच्या नोंदी पाच वर्षं ठेवायच्या आहेत, त्यामुळे "नोंदी उपलब्ध नाहीत" हे उत्तर स्वीकारू नका.) शेवटचा प्रश्न सर्वांत धारदार: मी तिकीट टाकलं त्या वेळेनंतर किती विथड्रॉवल झाली? कळवल्यानंतर गेलेल्या रकमेचा जाब कंपनीलाच विचारा, मग आधी चूक कोणाचीही असो.

थांबायचं कधी आणि कोणाकडे जायचं

वरच्यापैकी पहिल्या सात पायऱ्या करूनही पुन्हा अनोळखी लॉगिन दिसलं तर स्वतः खटपट थांबवा. उरलेली नाणी नव्या डिव्हाइसवर बनवलेल्या नव्या वॉलेटमध्ये हलवा आणि संगणक-फोन सायबर फॉरेन्सिकच्या जाणकाराला दाखवा. रक्कम अशी असेल की गेल्यावर घराचं गणित कोलमडेल, तर सहाव्या पायरीपासून पुढे स्वतः हात लावूच नका.

पोर्टलवरची तक्रार म्हणजे एफआयआर नव्हे. जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्यात जाऊन गुन्हा नोंदवून घ्या. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचा तपास पोलीस निरीक्षक किंवा त्यावरचा अधिकारीच करू शकतो, म्हणून निरीक्षकांनाच भेटा. सोबत न्यायचं: घटनांचा क्रम आपल्या वेळेत, ट्रॅन्झॅक्शन आयडी, आयपी पत्ते, तिकिटाचा क्रमांक, सिम कंपनीला दिलेल्या अर्जाची पोच.

एक्स्चेंजने नकार दिला तर वकील गाठा. पाच कोटींपर्यंतच्या भरपाईसाठी माहिती तंत्रज्ञान सचिवांकडे न्यायनिर्णय अधिकारी म्हणून अर्ज करता येतो, ग्राहक आयोगाचा मार्गही आहे. दोन्हींपैकी कोणता, हे रकमेवर आणि कंपनी कुठे नोंदलेली आहे यावर वकिलाने ठरवावं.

"तुमची नाणी परत मिळवून देतो" असं सांगत टेलिग्रामवर येणाऱ्या कोणालाही आगाऊ पैसे देऊ नका आणि वॉलेट परत उघडण्यासाठीचे बारा किंवा चोवीस शब्द सांगू नका. नाव आणि ओळखपत्र पाहूनही नाही. २०१८ च्या बिटकॉइन फसवणुकीच्या तपासात मदतीला घेतलेल्या दोन तज्ज्ञांनीच नाणी वळवल्याच्या आरोपावरून पुणे पोलिसांनी मार्च २०२२ मध्ये त्यांना अटक केली होती.

आणि सीएला वर्षअखेरीची वाट न बघता आत्ताच भेटा. चोराने नाणी बाहेर नेण्याआधी तुमच्याच खात्यात ती विकून यूएसडीटी घेतलं असेल, तर तो सौदा आणि त्यावरचा एक टक्का टीडीएस तुमच्या पॅनवर दिसतो. विवरणपत्र भरताना ते आकडे तुमच्यापुढे येतील, तेव्हा एफआयआरची प्रत आणि लॉगिनच्या नोंदी सीएकडे आधीच पोचलेल्या असू द्या.